लुपेचा भाऊ

फेलेती माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्यावर लिहायला येणाऱ्या लोकांना मी हेच आधी सांगतो, आणि नेमकं हेच ते लिहून घेत नाहीत. त्यांना रग्बीचे सामने हवे असतात. देशाच्या लाल जर्सीत तो किती वर्षं खेळला, फ्रान्समध्ये कोणत्या क्लबात होता, समोरच्या धिप्पाड गड्याला त्यानं उचलून कसं आपटलं. अरे, ते सगळं इंटरनेटवर आहे. तेवढ्यासाठी आमच्या या वावाऊ बेटापर्यंत विमान करून माझ्या दारात शहाळी प्यायला कशाला येता?

तो लुपेचा भाऊ आहे. हे कळल्याशिवाय त्याचं खेळणं कळत नाही आणि थांबणंही कळत नाही.

आमच्याकडं भावानं बहिणीसमोर जपून राहायचं असतं. मिसरूड फुटलं की पोरगा बहीण झोपते त्या घरात झोपत नाही, अंगणात त्याची वेगळी खोपटी. बहीण आली की आवाज खाली. तिच्यासमोर चावट बोलणं सोडाच, दुसरा कोणी बोलला तरी भाऊ उठून बाहेर जातो. एका खोलीत बसून टीव्ही बघायचा नाही, न जाणो पडद्यावर काय लागेल. बोलायचं ते कामापुरतं, खाली बघून. आणि बहिणीनं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. बहीण मोठी. वयानं लहान असली तरी मानानं मोठीच, आणि लुपे तर वयानंही मोठी.

हल्ली पोरं हे सगळं सैल करतात. पण लुपेचं माहेर जुन्या वळणाचं. त्यामुळं लग्न झाल्यापासून त्या दोघांतला निरोप्या मी. फेलेती दारात यायचा, हातात माशांची माळ. "दाजी, तिला सांगा मासे आणलेत." ती चार हातांवर उभी, ऐकतेय. मी वळून म्हणायचं, "लुपे, मासे आणलेत." ती म्हणायची, "त्याला म्हणावं, सावलीत ठेव." मी पुन्हा वळायचं. मान दुखायची माझी. एकदा वैतागून म्हटलं, "तुम्ही दोघं बोला, मी जातो झोपायला." तर दोघंही माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मीच चर्चमध्ये उघडा गेलो होतो.

देवळामागं, म्हणजे चर्चच्या मागं, आमचं मैदान. समुद्राकडं उतरतं, त्यामुळं नाणेफेक जिंकणारा आधी वरची बाजू घेतो. तिथं फेलेती अनवाणी खेळायला लागला तेव्हा मी गावच्या संघात शेवटचे दिवस मोजत होतो. मी पहिल्या ओळीतला, स्क्रममध्ये माना अडकवून ढकलतात त्यातला. माझे कान बघा, वाळलेल्या जर्दाळूसारखे झालेत, म्हणजे पटेल. तर हा पोरगा सतराचा असेल. सरावात मी चेंडू घेऊन निघालो, हा आडवा आला, आणि मला पुढं आठवतं ते आकाश. वर हाच वाकून विचारतोय, "दाजी, लागलं का हो? तिला सांगू नका हं."

त्याचं काम शेवटपर्यंत तेवढंच राहिलं. समोरून येणारा माणूस पाडायचा, उठायचं, पुढचा पाडायचा. ट्राय करणारे, म्हणजे चेंडू रेषेपार टेकवून गुण मिळवणारे वेगळे, फोटोत झळकणारे वेगळे. हा पाडणारा. पण त्याच्यासारखं पाडणं कुणाला जमलं नाही, म्हणून त्याचाही फोटो लागायला लागला.

ऑकलंडहून एक शिक्षक आला, त्याला आपल्या शाळेच्या संघासाठी मुलं हवी होती. त्यानं फेलेतीला निवडलं आणि फेलेती पळाला. खरंच पळाला, टेकडीवरच्या रताळ्याच्या मळ्यात जाऊन बसला. त्याला जायचं नव्हतं. त्याला मळा आवडायचा, मासे आवडायचे, शनिवारी मैदान आवडायचं. बाप मेलेला, घरात कर्ता चुलता, वाइनी काका. काकांनी समजावलं, दटावलं, काठी घेऊनही गेले. पोरगा हूं की चूं करीना. मग काका आमच्याकडं आले आणि लुपेला म्हणाले, तू सांग.

लुपे बाविशीची, पोटात पहिलं मूल. तिला काय कळत होतं ऑकलंड कुठं आणि काय? चुलत्यानं सांगितलं म्हणून ती मळ्याच्या बांधावर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "जा." तो उठला, हातपाय धुतले आणि गेला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, नसलं तर शोधा. ऑकलंडची शाळा, मग फ्रान्समधल्या डोंगराळ गावाचा दुय्यम क्लब, मग दक्षिणेतला मोठा क्लब. पहिल्या हिवाळ्यात त्यानं मला फोन केला. "दाजी, इथं समुद्र नाही. लोक राहतात कसे?" मी म्हटलं, "बाबा, त्यांना विचार ना." म्हणाला, "विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही." मग देशाचा संघ, मोठ्या स्पर्धा, सामन्याआधीचं आमचं सिपी ताऊ. त्या नाचात तो मांडीवर असा थाप मारायचा की इकडं म्हाताऱ्या बायका उठून उभ्या राहायच्या. लेसिलीशी लग्न केलं, आमच्याच बेटावरची, दोन मुलं झाली. गावाला पाण्याची टाकी दिली. चर्चच्या सभागृहाचा पाया घातला. आमच्या सेइनीचं ऑकलंडचं शिक्षण उचललं, ते आम्ही मागितलं नव्हतं. भाचीचा हक्क असतो मामावर, तो त्यानं आपणहून ओळखला.

आणि इतक्या वर्षांत फोनवरसुद्धा तो लुपेशी बोलला नाही. मी फोन मध्ये ठेवायचा. तो विचारायचा, "ती बरी आहे का?" ती मान हलवायची. मी म्हणायचं, "बरी आहे." तो म्हणायचा, "देव भलं करो." झालं भावाबहिणीचं बोलणं.

त्याचे सामने बघायची आमची तऱ्हा होती. तिकडचा शुक्रवार संध्याकाळचा सामना इकडं शनिवारी सकाळी पडायचा. पुरुष रस्त्यापलीकडं वाइनी काकांकडं जमायचे, कारण तिथं शिव्या देता येतात. बायका आमच्या घरी, लुपेसोबत. लुपे चटई विणत बसायची, भाऊ आडवा जायला लागला की डोळे चटईवर. मी दोन्हीकडं कान ठेवून दारात. काकांचं इंटरनेट चांगलं, आमचं रडतखडत. त्यामुळं पलीकडून आरोळी आधी यायची आणि मग आमच्या पडद्यावर ट्राय व्हायचा. बायका वैतागायच्या. "मेल्यांनो, जरा दम धरा, आम्हाला बघू द्या की!"

एका शनिवारी पलीकडून काहीच आलं नाही. आधी नेहमीसारखा दंगा चालला होता, आणि तो मध्येच बंद झाला. आमच्या पडद्यावर अजून सगळं ठीक होतं, फेलेती धावत होता. लुपेनं विणणं थांबवलं. तिनं मान वर केली नाही, नुसते हात थांबवले. मग आमच्याकडं दिसलं. त्यानं एकाच्या गुडघ्यात डोकं घातलं आणि पडला. पडलेला असताना त्याचा एक हात वर राहिला, ताठ, हवेत. कोणी धरून ठेवल्यासारखा. बायका देवाचं नाव घ्यायला लागल्या.

मग तो उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यानंही हात केला, आणि चालत चालत समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसायला लागला. पलीकडचा मोठ्ठा हशा आधीच येऊन गेला होता. आमच्याकडंही एकदोघी हसल्या. लुपे उठून बाहेर गेली.

तो पहिला मार नव्हता. दर सीझनला एखाददुसरा असायचाच. दोन आठवडे बसायचं, डॉक्टर तपासायचे, की पुन्हा मैदान. लेसिली फोनवर म्हणायची, "ठणठणीत आहेत."

जूनमध्ये ती चौघं सुट्टीला घरी आली. क्लबानं आणखी दोन सीझनचा करार पुढं केला होता, सही बाकी होती. फेलेती तेहतिशीचा, या धंद्यात म्हातारा. पण अजून मागणी होती. गावानं डुक्कर कापलं, तरुण पोरांनी रस्त्यावर कमान केली. करार कधी करतोस म्हणून कोणी विचारलं की तो म्हणायचा, "बघू." लोकांना वाटलं भाव खातोय.

पहिल्याच रविवारी काकांकडं जेवण होतं. चर्च सुटलं, जमिनीतली भट्टी उकरली, टारोच्या, म्हणजे अळूच्या, पानांतले गरम पुडे बाहेर निघाले, नारळाच्या दुधाचा वास घरभर. सगळं कुटुंब एकाच लांब चटईवर. एका टोकाला लुपे, तिच्या मानाच्या जागी. दुसऱ्या टोकाला फेलेती, मुलांत. मी मध्ये, खाण्यात दंग. आणि फेलेतीनं मान वर केली, तिच्याकडं सरळ बघितलं, आणि मोठ्यानं म्हणाला, "अगं ए, तुझा नवरा किती वाळलाय! रात्री झोपू देत नाहीस वाटतं त्याला?"

आणि हात लांबवून त्यानं दुसरा पुडा घेतला.

मी हातातला घास खाली ठेवला. तुम्हाला हा विनोद वाटेल. मलाही वाटला असता, दुसऱ्या कुणी दुसऱ्या कुणाच्या बहिणीला म्हटला असता तर. पण त्या चटईवर कोणी मान वर करीना. लेसिली पांढरी पडली. पोरंसुद्धा चिडीचूप, त्यांनाही कळतं. फेलेती मात्र खात होता. थोड्या वेळानं त्यानं इकडंतिकडं बघितलं, काय झालं ते न समजल्यासारखं.

काका खाकरले. म्हणाले, "एवढी वर्षं गोऱ्यांत राहिला, जीभ सैल सुटली. आता इथलं पाणी पिऊन येईल ठिकाणावर." मग सगळे पुरुष एकदम हसले, जरा जास्तच. फेलेतीही हसला. लुपेनं आपलं ताट बाजूला सरकवलं, मान म्हणून कमरेला गुंडाळतात ती चटई नीट केली आणि घरी निघून गेली.

मी मागोमाग गेलो. मला वाटलं अपमान झाला म्हणून चिडली असेल. म्हटलं, "जाऊ दे गं. चुकलं त्याचं. मी दोन कानाखाली देतो त्याला."

"पेनी, तो माझ्याशी बोलला."

"बोलला ना. घाणेरडं बोलला."

"काय बोलला ते सोड. माझ्या डोळ्यांत बघून बोलला. पंधरा वर्षांचा होता, माडावरून पडला, हात मोडला. गुरासारखा ओरडत होता, शिव्या देत होता. मी धावत आले तशी तोंडात मनगट घातलं त्यानं, आवाज बंद. आपल्या लग्नात दारू पिऊन लोळत होता. मी समोरून गेले तर उठून बसला, शर्ट नीट केला. तुझ्यासमोरच झालंय."

"झालंय."

"दारू प्यायला तरी त्याला कळत होतं मी कोण. आज तो प्यायलेला नव्हता."

मला हे पटलं नाही. खरं सांगतो, नाही पटलं. फ्रान्समधल्या मोठ्या दवाखान्यानं त्याला पास केलं होतं, डोक्याचे फोटो काढले होते. आणि इथं एक बाई चटईवरच्या एका विनोदावरून सांगणार की त्याचं डोकं बिघडलं? मी तिला म्हटलंसुद्धा, "तू काय डॉक्टर लागून गेलीस?" ती म्हणाली, "लेसिलीला विचार. मी विचारलं तर ती घाबरेल, मी नणंद."

लेसिली कपडे वाळत घालत होती. मी विचारलं तशी तिच्या हातातली चादर खाली पडली. तिनं ती उचलली नाही.

"मला वाटलं होतं, इथं कुणाच्या लक्षात येणार नाही, भावोजी. लोकांत बरे असतात." मग सगळं सांगितलं. गाडी बाजारात सोडून चालत घरी येतात. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात. उजेड सोसत नाही, भरदिवसा पडदे ओढून बसतात. धाकट्या मुलावर असे ओरडतात की तो पोरगा आता त्यांच्या खोलीत जात नाही.

"मग डॉक्टरांना कसं कळलं नाही?"

"सीझनच्या सुरुवातीला आठवणीची परीक्षा घेतात, भावोजी. शब्द सांगतात, आकडे उलटे म्हणायला लावतात. हे तिथं मुद्दाम चुकायचे. म्हणजे मार लागल्यावर पुन्हा परीक्षा घेतली की गुण तेवढेच पडतात, आणि खेळता येतं. त्यांच्यातले पुष्कळजण करतात. हसत हसत एकमेकांना सांगतात." तिनं चादर उचलली, झटकली. "यंदा मुद्दाम चुकावं लागलं नाही."

मी घरी येऊन लुपेला सांगितलं. मीच बडबडत राहिलो. त्याच्यावर चिडलो, डॉक्टरांवर चिडलो, स्वतःच्या कानांवर चिडलो. ती ऐकत होती आणि चटईसाठी केवड्याची पानं चिरत होती.

दोन दिवसांनी वाइनी काका आले. हातात मोठं कावाचं मूळ, बैठकीतलं पेय करायचं, खांद्यावर जुनी बारीक विणीची चटई, आजीच्या वेळची. मी मनात म्हटलं, आला आवळा देऊन कोहळा काढायला. पण माणूस वाईट नाही, हेही सांगायला हवं. त्यांनी बिनबापाच्या पोरांना वाढवलं होतं. सभागृहाला छप्पर नव्हतं. नातवंडं शाळेत होती. सगळ्या गावाचा संसार एकट्या फेलेतीच्या खांद्यावर उभा होता, आणि तो खांदा अजून दोन वर्षं चालेल असं दिसत होतं.

"तो बघू बघू करतोय," काका म्हणाले. "तिकडून रोज फोन येतोय. बुधवारी पाद्रीसाहेबांना बोलावलंय, निरोपाची प्रार्थना करून टाकू. तू दोन शब्द सांग त्याला, लुपे. मागं तूच म्हणाली होतीस जा, आणि बघ कसं सोनं झालं."

लुपेनं विचारलं, "काका, तेव्हा तुम्ही सांगितलेलं सोडलं, तर मी त्याच्याकडं कधी काही मागितलंय?"

"नाही ना. तेच म्हणतोय मी. म्हणून तर तुझा शब्द तो मोडणार नाही."

"बरं. बुधवारी बोलते."

काका खूश होऊन गेले. मी मात्र तिच्यावर उखडलो. म्हटलं, "एवढं कळल्यावर त्याला जा म्हणणार तू?" तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मग हळूहळू माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, आणि पाचावर धारण बसली. सेइनीच्या शिक्षणाचं एक वर्ष राहिलं होतं. गाव काय म्हणेल, काका काय म्हणतील? आणि समजा लेसिली चुकत असेल, समजा त्या रविवारी तो नुसताच वाह्यात बोलला असेल? एका माणसाची कमाई अशी तोंडच्या शब्दानं बंद करायची? मी हे सगळं तिला म्हटलं. ती म्हणाली, "मलाही भीती वाटते." बस, तेवढंच.

बुधवारी दुपारी काकांचं घर भरलं. पुरुष कावाच्या पातेल्याभोवती, पाद्री मधोमध. फेलेती स्वच्छ शर्ट घालून, कमरेला चटई बांधून बसला होता. आणि त्या दिवशी तो अगदी नीट होता. सगळ्यांना नावानं हाक मारली. मला म्हणाला, "दाजी, कान कसे आहेत?" लुपे आत आली तसा त्यानं आवाज खाली आणला, पाय जवळ घेतले, नजर चटईवर. शहाण्यातला शहाणा भाऊ. मला वाटलं, झालं, आता हिची पंचाईत. हिनं थांब म्हटलं तर धडधाकट माणसाला घरी बसवल्याचं पाप, आणि जा म्हटलं तर काय ते तिलाच ठाऊक.

लुपेनंही त्याला बघितलं. बराच वेळ बघितलं.

"फेलेती."

तिनं त्याला सरळ नावानं हाक मारलेली मी प्रथमच ऐकली. पाद्रीनं डोळे उघडले.

"मला तुझ्याकडून एक हवंय."

"मागा," तो चटईकडं बघत म्हणाला.

"पुन्हा खेळायचं नाही. तिथं नाही, इथं नाही. पोरांबरोबर वाळूत सुद्धा नाही."

कावा ढवळणाऱ्याचा हात थांबला. वाइनी काका अर्धवट उठले. "वेड लागलं का तुला? अगं, काय बोलतेस काय?" मग त्यांनी फेलेतीकडं तोंड फिरवलं. "तू सांग. तुला काय पाहिजे ते तू सांग, बाबा. बाकीचं मी बघतो."

फेलेती म्हणाला, "तिनं मागितलंय, काका."

आणि मग त्यानं श्वास सोडला. मी शेजारीच होतो. स्क्रम मोडला की मानेवरचं ओझं उतरतं आणि माणूस असा श्वास सोडतो, मला ठाऊक आहे. त्याला कुणीतरी हे मागायला हवं होतं. त्याला स्वतःहून थांबता येत नव्हतं, एवढी माणसं अंगावर असताना. मी तिथंच रडलो, सगळ्यांसमोर, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

त्याचा फोन वाजत राहिला. फ्रान्सचा एजंट. शेवटी मीच उचलला. मला फ्रेंचचा एकच शब्द येतो, तोच चारपाच वेळा म्हटला आणि ठेवून दिला.

पुढची वर्षं गोड नव्हती. गावात तोंडावर कोणी काही म्हटलं नाही, पण सोन्याचं अंडं देणारी कोंबडी कापली, असं विहिरीवर बोललं जायचं. काकांकडून रविवारचं ताट यायचं बंद झालं. सभागृहावर अजून निम्मंच छप्पर आहे, उरलेल्या अर्ध्यात पाऊस पडला की वधूवर पुढं सरकून बसतात. सेइनी शिक्षण अर्धवट टाकून परत आली आणि कित्येक महिने आईशी धड बोलली नाही. आता ती बंदरावरच्या बँकेत आहे. अलीकडं तिला मामाची अवस्था दिसते, त्यामुळं तिचा राग निवळलाय.

फेलेती कुटुंबासह आमच्या शेजारीच राहतो. मळा करतो, जमेल तसा. लुपेनं त्याला वेळेत थांबवलं असं लोक मला सांगतात. वेळेत कसलं? निम्मं तिकडंच राहून गेलं होतं. डॉक्टर म्हणतात, उरलेलं हळूहळू जाईल. पण आणखी दोन वर्षं खेळला असता तर आज एवढाही नसता, हेही तेच म्हणतात.

त्याचे बरे दिवस असतात आणि वाईट दिवस असतात. बऱ्या दिवशी तो आपल्या अंगणात राहतो, आवाज खाली, लुपेकडं बघत नाही. वाईट दिवशी मात्र सकाळीच येतो आणि तिच्या चटईच्या कडेला फतकल मारून बसतो. "ए लुपे" म्हणतो. फ्रान्सच्या गोष्टी सांगतो. पहिल्या हिवाळ्यात उशीत तोंड खुपसून रडायचो, सांगतो. एका म्हाताऱ्या घरमालकिणीची नक्कल करतो, ती ऐकण्यासारखी असते. आणि अचकट विचकट विनोद सांगतो, असे की माझेसुद्धा कान लाल व्हावेत. पहिल्यांदा लुपे उठून जायची. नंतर बसून राहायला लागली. आता तोंडावर हात धरून हसते. अंग गदगदा हलतं तिचं. रस्त्यानं जाणारे लोक मान वळवून पुढं जातात. त्यावर कोणी कधी एक अक्षर बोललेलं नाही, आमच्या गावाचं एवढं मी जरूर कौतुक करीन.

गेल्या महिन्यात ओळीनं बरेच दिवस तो छान होता. लेसिलीच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मी खुशीत लुपेला म्हटलं, "बघ, आज पण तो तुझ्याशी बोलला नाही."

"हो," ती म्हणाली. "देवाची कृपा."

ती पानं चिरत होती, खाली बघून. मग म्हणाली, "पेनी, मी रोज सकाळी प्रार्थना करते की आज त्यानं माझ्याशी बोलू नये. मनापासून करते. आणि मग दिवसभर वाट बघत बसते." तिनं चाकू खाली ठेवला. "आयुष्यात पहिल्यांदा मला भाऊ मिळालाय, तोही तो हरवला की मिळतो. मी काय मागू देवाकडं?"

मी तिच्याजवळ बसलो, तिची चिरलेली पानं सारखी करून देत राहिलो.